चिप आपली, भाषा कुणाची? स्वस्त आर्म संगणक आणि लिनक्सवरचं ग्राफिक्स

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज चिप आणि ड्रायव्हरवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. हसा. मी इंजिनिअर नाही, आणि तसा आवही आणणार नाही. पण या विषयात एक शब्द आहे, त्याने माझे तीन हजार रुपये आणि बरीच झोप खाल्ली. तो शब्द म्हणजे ‘सपोर्ट’. ‘या बोर्डाला लिनक्स सपोर्ट आहे, ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन आहे.’ या वाक्याचा अर्थ नक्की काय, एवढंच मला आज बघायचं आहे.

२०१३ साली आमच्या गल्लीतल्या वाचनालयासाठी मी तळहाताएवढी एक पेटी घेतली. आत आर्म जातीचा प्रोसेसर, टीव्हीला जोडायची सोय, वीज मोबाइलच्या चार्जरइतकी. मुलांना नकाशे फिरवून दाखवायचे, व्याख्यानांचे व्हिडिओ लावायचे, असा बेत होता. लिनक्स घातलं, सुरूही झालं. पण खिडकी सरकवली की मागे तिचं भूत सरपटत यायचं, आणि व्हिडिओत वक्त्याचं तोंड आधी हलायचं, आवाज नंतर. विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “सर, अँड्रॉइडवर चालतंय की!” आणि ते खरं होतं. तीच पेटी, तीच चिप. एका घरात धावते, दुसऱ्या घरात लंगडते. मग लंगडेपणा चिपचा म्हणायचा का?

आधी थोडं गणित करू. टीव्हीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके. म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. चित्र हलतंय असं वाटायला ते सेकंदाला ६० वेळा काढायचे. झाले सुमारे १२ कोटी ४४ लाख. आता सेकंदाला १ अब्ज ठोके देणारा साधा प्रोसेसर घ्या. एका ठिपक्याच्या वाट्याला आठ ठोकेही येतात न येतात. तेवढ्यात रंग ठरवायचा, सावली ठरवायची, मागचं काय झाकलं ते बघायचं आणि शिवाय बाकीचं सगळं काम करायचं. होणार नाही. म्हणून चिपमध्ये वेगळा भाग असतो, जीपीयू. तो हजारो ठिपक्यांवर एकाच प्रकारचं काम एकदम करतो. पण त्याला काम सांगावं लागतं, आणि त्याची आज्ञांची भाषा त्याची स्वतःची असते. ती भाषा बोलणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्या नसेल तर लिनक्स हात वर करत नाही. मेसा नावाचं जे सॉफ्टवेअर आहे, त्यात एलएलव्हीएमपाइप म्हणून एक सोय आहे. ती सगळं काम बिचाऱ्या मुख्य प्रोसेसरकडून करून घेते. चित्र बरोबर येतं, फक्त रांगत येतं.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवून टाकू. त्रिमितीचं चित्र काढणं आणि व्हिडिओ उलगडणं ही दोन वेगळी कामं. अनेक चिपमध्ये त्यांचे भाग वेगळे, ड्रायव्हर वेगळे, आणि एक चालतो म्हणून दुसरा चालेल असं नाही. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये एमपेग-२ व्हिडिओ उलगडण्याची ताकद चिपमध्ये होती, पण ती वापरायची तर २ पौंड ४० पेन्सची किल्ली वेगळी विकत घ्यावी लागे. पेटंटच्या परवान्याचा खर्च ३५ डॉलरच्या बोर्डात सगळ्यांवर लादायचा नाही, असा हिशोब होता. हिशोब योग्यच. पण विचार करा, वस्तू माझ्या टेबलावर, शक्ती तिच्यात, आणि कुलूप दुसऱ्याचं.

आता मूळ प्रश्न. दुभाष्या का मिळत नाही? नेहमीच्या पीसीमध्ये इंटेलसारखी कंपनी ग्राफिक्सही स्वतः बनवते आणि लिनक्सचा ड्रायव्हरही खुलेपणाने स्वतः लिहिते. स्वस्त आर्म बोर्डाचं तसं नाही. बोर्ड बनवणारा एक, चिप बनवणारा दुसरा, आणि त्या चिपमधल्या जीपीयूचा आराखडा तिसऱ्याचा, भाड्याने घेतलेला. माली हा जीपीयूचा घराणा घ्या. तो नॉर्वेतल्या फालांक्स नावाच्या छोट्या कंपनीत जन्मला, २००६ मध्ये आर्मने ती विकत घेतली, आणि मग जगभरच्या चिपवाल्यांनी तो आराखडा वापरला. म्हणजे दुकानदाराला विचारलं तर तो बोर्डवाल्याकडे बोट दाखवणार, बोर्डवाला चिपवाल्याकडे, चिपवाला म्हणणार, ड्रायव्हरचा सोर्स कोड द्यायचा अधिकार माझा नाही. यात कुणी खोटं बोलत नाही, हीच खरी अडचण!

अशा जीपीयूंचा ड्रायव्हर बहुधा दोन तुकड्यांत यायचा. एक तुकडा कर्नलमध्ये बसणारा, तो खुला. दुसरा, ज्यात सगळी अक्कल, तो बंद फाइलच्या रूपात. ही बंद फाइल कर्नलमधल्या तुकड्याच्या ठरावीक आवृत्तीशीच जुळते, आणि अँड्रॉइडसाठीची लिनक्सच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर चालत नाही. तिकडे लिनक्सचा कर्नल आतल्या आत सारखा बदलत राहतो. आतली रचना कायम ठेवू असं वचन तो जाणूनबुजून देत नाही. शिवाय ग्राफिक्स विभाग सांभाळणाऱ्यांचा नियम असा की ज्याचा वरचा तुकडा बंद आहे, त्याचा खालचा तुकडा आम्ही मूळ कर्नलमध्ये घेणार नाही. काहींना हा हट्ट वाटतो. मला नाही वाटत. ज्या यंत्राला कोणत्या आज्ञा जाणार हे दिसतच नाही, त्याची जबाबदारी कुणी का घ्यावी? पण परिणाम असा की बोर्ड जुन्या कर्नलला खिळून राहतो. नवा घातला की ग्राफिक्स जातं, जुना ठेवला की सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. तांबं, सिलिकॉन सगळं ठणठणीत, आणि वस्तू भंगारात.

रास्पबेरी पायची गोष्ट यात फार शिकवून जाते. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो आला. त्यातल्या ब्रॉडकॉमच्या चिपची गंमत अशी की वीज दिली की आधी जागा होतो तो जीपीयू, व्हिडिओकोअर. आर्म प्रोसेसरला तो नंतर उठवतो. म्हणजे आपण ज्याला घरमालक समजतो तो पाहुणा! ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झालं की आर्मच्या बाजूचा सगळा ग्राफिक्स कोड खुला केला. टाळ्या पडल्या. पण कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख डेव्ह एअरली यांनी लगेच आक्षेप घेतला: हा कोड चित्र काढतच नाही, तो नुसत्या चिठ्ठ्या पोचवतो, काढणारा आहे तो आत, बंद फर्मवेअरमध्ये. बघा, वाक्य अक्षरशः खरं आणि तरीही ऐकणाऱ्याचा समज चुकीचा. आमच्याकडे तर्कशास्त्रात याला छळ म्हणतात, म्हणजे शब्दाच्या अर्थाची ओढाताण. इथे तसा हेतू होता असं मी म्हणत नाही, परिणाम मात्र तोच.

मग २८ फेब्रुवारी २०१४ ला ब्रॉडकॉमने व्हिडिओकोअर ४ च्या त्रिमिती भागाची कागदपत्रं खरोखर प्रसिद्ध केली, आणि त्याच घराण्यातल्या एका फोनच्या चिपचा ड्रायव्हर कोडही दिला. रास्पबेरी पाय फाउंडेशनने १० हजार डॉलरचं बक्षीस लावलं, या कोडवर क्वेक ३ हा खेळ पायवर चालवून दाखवा. सायमन हॉल यांनी काही आठवड्यांतच ते जिंकलं. त्याच वर्षी एरिक अनहोल्ट इंटेल सोडून ब्रॉडकॉममध्ये आले आणि त्यांनी व्हीसी४ हा खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. कर्नल ४.४ मध्ये, २०१६ च्या सुरुवातीला, तो मूळ लिनक्समध्ये दाखल झाला. २०१९ च्या पाय ४ मध्ये तर खुला ड्रायव्हर हाच नेहमीचा झाला.

हे झालं कागद मिळाल्यावर. ज्यांना कागद मिळालेच नाहीत त्यांचं काय? इथे मला माझा विषय सापडला. कागदपत्रं म्हणजे शब्दप्रमाण, जाणकाराचं बोलणं. ते नसेल तर उरतं अनुमान. २०१२ च्या फेब्रुवारीत लूक वेरहेगन यांनी ब्रुसेल्समध्ये फॉसडेम परिषदेत लिमा प्रकल्प मांडला, माली-४०० वगैरेंसाठी. पद्धत साधारण अशी. बंद ड्रायव्हरकडून एक त्रिकोण काढून घ्यायचा, आणि तो जीपीयूकडे जे आकडे पाठवतो ते मधल्या मध्ये टिपायचे. मग त्रिकोणाचा फक्त रंग बदलायचा. कोणते आकडे बदलले? ते रंगाचे. रंग तोच ठेवून कोपरा हलवायचा. पुन्हा बघायचं. अहो, हा सरळसरळ अन्वय-व्यतिरेक! असेल तर असतं, नसेल तर नसतं. न्यायाच्या तासाला धूर आणि अग्नी घेऊन मी हेच शिकवलं, आणि जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळपास हेच मांडलं. माझ्या हातून मात्र त्याने कधी काही चाललं नव्हतं!

या पद्धतीची मर्यादाही आमच्या ओळखीची आहे. जी आज्ञा बंद ड्रायव्हर कधी देतच नाही, ती बघणाऱ्याला कधी दिसत नाही. आणि एखादी विचित्र आज्ञा दिसली तर ती आवश्यक आहे, की चिपमधल्या दोषावरचा तोडगा, की कुण्या प्रोग्रामरची सवय, हे अनुमानाने ठरवणं कठीण. म्हणून वेळ लागतो. लिमाचं काम मध्ये थंडावलं, पुढे दुसऱ्या हातांनी उभं राहिलं. नंतरच्या मालींसाठीचा पॅनफ्रॉस्ट सुरू केला अ‍ॅलिसा रोझेनझ्वाइग हिने, तेव्हा ती हायस्कूलमध्ये शिकत होती. दोन्ही ड्रायव्हर जुलै २०१९ च्या कर्नल ५.२ मध्ये आले. लिमाची घोषणा ते मूळ कर्नल, सात वर्षं. एवढ्या काळात स्वस्त बोर्डांच्या किती पिढ्या कपाटात गेल्या!

माझी पेटीही गेली होती. पुढे टाळेबंदीच्या काळात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती बाहेर काढली, नवा कर्नल घातला. कुणा बाहेरच्यांनी लिहिलेला ड्रायव्हर आता तिच्यासाठी होता. (नाव सांगत नाही, सांगितलं तर पेटी कुणाची ते कळेल.) नकाशा सुरेख फिरला. व्हिडिओ मात्र मोठ्या आकारात अजून अडखळतो, कारण तो भाग वेगळा, ते मघाशी सांगितलंच.

सभेतून एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: “सर, मग घेताना बघायचं काय?” तर दुकानात ‘सपोर्ट आहे का’ असं विचारू नका, ‘हो’ असंच उत्तर येईल. विचारा, मूळ कर्नल यावर चालतो का, की कंपनीने दिलेलाच ठेवावा लागतो? आणि ज्याच्याकडे तो बोर्ड आधीच आहे त्याला ग्राफिक्सची माहिती दाखवणारी आज्ञा चालवायला सांगा आणि रेंडररची ओळ वाचून घ्या. तिथे व्ही३डी, लिमा, पॅनफ्रॉस्ट असं काही असेल तर जीपीयू जागा आहे. एलएलव्हीएमपाइप असेल तर तो झोपलेला आहे, आणि तुम्ही पैसे त्याचेही देणार आहात. व्हिडिओचं वेगळं विचारा, आणि ज्या ब्राउझरमध्ये बघणार त्याच ब्राउझरमध्ये चालवून दाखवायला सांगा. दुसरी चिठ्ठी वाचतो…