एकवीस प्रश्नांत वर्धा जिल्हा

2011 च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13,00,774 भरली. आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत आठ तालुके. यातला कुठलाही एक माणूस मनात धरा, नाव सांगू नका. मी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारणार, आणि प्रश्न असे की दर वेळी उरलेली गर्दी निम्मी व्हावी. किती प्रश्नांत तो माणूस सापडेल?

एकवीस.

पटत नसेल तर करून पाहा. पहिल्या प्रश्नानंतर साडेसहा लाख उरले. दुसऱ्यानंतर सव्वातीन लाख. पाचव्यानंतर चाळीस हजार. दहावा प्रश्न झाला की 1,270, म्हणजे एखादं मध्यम गाव. पंधराव्याला चाळीस, एका एसटीत मावतील एवढे. अठराव्याला पाच. विसाव्यानंतर एखाददुसरा, आणि एकविसावा प्रश्न तेवढी शंका फेडायला.

खरी गंमत पुढं आहे. 140 कोटींच्या भारतातून एक माणूस वेगळा काढायला 31 प्रश्न पुरतात. 820 कोटींच्या अख्ख्या पृथ्वीवरून काढायला 33. वर्धा जिल्ह्यातून जगात पाऊल टाकलं, गर्दी सहा हजार पटींनी वाढली, आणि शोधणाऱ्याचं काम वाढलं अवघ्या बारा प्रश्नांनी.

मोबाइलमधल्या माहितीचा विषय निघाला की आपल्याकडं पानठेल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘एवढ्या गर्दीत आपल्याले कोण पुसते बाप्पा!’ वाक्यातला नम्रपणा चांगला आहे, गणित मात्र साफ चुकलेलं. गर्दीच्या आडोशाला फारसा अर्थ नाही, कारण दुप्पट गर्दी म्हणजे फक्त एक जादा प्रश्न. संगणकवाले अशा एका हो-नाहीला एक बिट म्हणतात. तेव्हा आपली सगळी ओळख, जगाच्या पाठीवरची, 33 बिटांची. मोबाइलमधल्या एका साध्या फोटोत याच्या लाखो पट बिट असतात.

आता हे बिट आपण कुठं-कुठं वाटतो ते बघू. सुरुवात पत्त्यापासून, कारण वर्ध्याला पत्त्याचा घोळ जुना आहे. 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. देशभरातून पत्रं येऊ लागली आणि त्यातली कितीतरी बुलडाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. दोन शेगावं, कुठलं धरायचं? अडचण फक्त एका बिटाची होती, पण तिच्यापायी 1940 मध्ये गावाचं नाव बदलून सेवाग्राम करावं लागलं. देशभरच्या सारख्या नावांच्या गावांचा हा गुंता सुटायला 15 ऑगस्ट 1972 उजाडला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडाची पद्धत त्या दिवशी लागू झाली. आज सेवाग्राम 442102 आणि शेगाव 444203, चुकायची सोयच नाही.

वेलणकरांचं काम इतकं नेटकं की त्याचा फायदा टपालाखेरीज इतरांनाही झाला. देशात पिनकोड एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे सहा आकडे लिहिले की 31 पैकी 14 बिट गेले. 140 कोटींतून तुम्ही एकदम सरासरी 73 हजारांत आलात. आता जन्मतारीख. 80 वर्षांचे दिवस 29,200. त्यात बाई की पुरुष याचे दोन खाने केले की झाले 58,400 खाने. त्या 73 हजारांना या खान्यांत बसवा. एका खान्यात सरासरी सव्वा माणूस!

हिशोब ढोबळ आहे. सगळी वयं सारखी वाटलेली नसतात, आणि वर्धा शहराचं 442001 घेतलं तर तिथं लाखावर लोक असल्यानं एका खान्यात दोघं निघतील. पण दोघंच. पिनकोड, जन्मतारीख, लिंग. प्रदर्शनात मिक्सर किंवा स्कूटी लागणार म्हणून आपण जी कूपनं भरतो, त्यावरच्या या तीन चौकटी. नावाची चौकट कोरी सोडली तरी तुमचं नाव निघतं.

हाच उद्योग अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं 1990 च्या दशकात करून दाखवला. मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी नोकरांच्या दवाखान्यांच्या नोंदी, नावं काढून, अभ्यासकांना दिल्या होत्या. स्वीनीनं केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडात राहणारा एकच. राज्यपालांच्या आजाराचे कागद हातात! अमेरिकेतली 87 टक्के माणसं या तीन गोष्टींवरून ओळखू येतात, असं तिनं 2000 मध्ये मांडलं. नंतरच्या हिशोबात तो आकडा 63 टक्क्यांवर आला. मला विचाराल तर 63 सुद्धा घाम फोडायला पुरेसा आहे.

आपल्याकडं मात्र एका जमातीला या गणितापासून आपसूक संरक्षण मिळालंय. शाळेत घालताना आईबापांना तारीख आठवेना, म्हणून गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख ‘एक जून’ ठोकून दिली, ते सगळे आजोबा-आजी. गावात वीस जण एक जूनचे, तर संगणक कुणाला पकडणार? गुरुजींच्या आळसातून झालेलं हे काम मोठमोठ्या कंपन्यांच्या गोपनीयता धोरणांपेक्षा भरवशाचं आहे.

आधारचं बघा. बारा आकडे, पहिला शून्य किंवा एक नसतो, शेवटचा आधीच्या अकरांवरून ठरतो; म्हणजे 8,000 कोटी क्रमांक शक्य. 2013 मध्ये गॅसचं अनुदान आधारमार्फत थेट खात्यात टाकायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत वर्धा होता, त्यामुळं हा क्रमांक झाकावा की नाही याची चर्चा आपल्याकडं लवकर सुरू झाली. सावध माणसं आता पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार काढतात. काढावंच. पण प्रत हातात घेऊन एकदा नीट पाहा. आठ आकड्यांच्या जागी फुल्या आहेत. त्यांच्यावर जन्मतारीख आणि पुरुष/स्त्री उघडं. पत्ता छापला असेल तर त्यात पिनकोड. तीस बिट उघड्यावर आहेत. शिवाय फोटो आणि शेवटचे चार आकडे वेगळेच.

ज्यानं कधी कूपन भरलं नाही, आधारची झेरॉक्स दिली नाही, त्याच्याही खिशात मोबाइल असतोच. 2013 मध्येच एका युरोपीय देशातल्या 15 लाख मोबाइलधारकांच्या 15 महिन्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. 15 लाख म्हणजे जवळजवळ आपल्या जिल्ह्याएवढी माणसं. नाव नाही, नंबर नाही. कुठल्या तासाला कुठल्या टॉवरखाली, एवढंच. कुठल्याही चार नोंदी घेतल्या की 95 टक्के लोक एकटे वेगळे पडत होते. दोनच घेतल्या तरी निम्म्याहून जास्त. सोमवारी सकाळी सेलूचं बसस्थानक, अकराला सेवाग्रामचा दवाखाना, गुरुवारी संध्याकाळी आर्वी नाका, शनिवारी रात्री पुलगाव. या चारही ठिकाणी नेमक्या त्या वेळी असणारा दुसरा माणूस जिल्ह्यात शोधून दाखवा.

ब्राउझरची कथा थोडक्यात. 2010 मध्ये एका अमेरिकी संस्थेनं पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले. पडद्याचा आकार, फॉन्ट, आवृत्ती असल्या किरकोळ गोष्टींवरून सरासरी निदान 18 बिट माहिती बाहेर पडत होती. वर्ध्यासाठी लागतात 21. उरली पाच माणसं.

आता उलट्या टोकाचे आकडे, कारण लोकांचा सगळा जीव तिकडं अडकलेला असतो. ‘व्हॉट्सॲपवाले आपले मेसेज वाचतात का?’ संदेशाला कुलूप लावणारी किल्लीही बिटांतच मोजतात. 128 बिटांची किल्ली घ्या. जिल्ह्यातल्या प्रत्येकाला, पाळण्यातल्या बाळासकट, एकेक संगणक द्या, आणि तो सेकंदाला एक कोटी कोटी किल्ल्या लावून पाहतो असं धरा. सगळ्या किल्ल्या संपायला 8,000 कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं. व्हॉट्सॲपची किल्ली तर 256 बिटांची. क्वांटम संगणक आला, आता सगळी कुलुपं फुटणार, अशा बातम्या दर महिन्याला येतात. काही प्रकारच्या कुलपांना तो धोका खरा आहे, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट 2024 मध्ये नव्या पद्धती जाहीरही केल्या. पण तुमच्यापर्यंत पोचायला कुणाला क्वांटम संगणक कशाला लागतो? मेसेज काय आहे हे फोडायला विश्वाचं आयुष्य अपुरं, आणि तो कुणी पाठवला हे कळायला 33 बिट पुरे.

कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. मोठ्या कंपन्यांना त्याचा धाक बसेलही. प्रदर्शनातल्या टेबलावरचा कूपनांचा गठ्ठा शेवटी कुणाच्या घरी जातो, ते कोण बघणार?

म्हणून सांगणं एवढंच. मोबाइल नंबर द्यावाच लागला तर द्या. तो पुढंमागं बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही, तेव्हा ती चौकट रिकामी सोडा. मिक्सर लागायचा असेल तर तिच्यावाचूनही लागतो.