कुत्रा दोरी का ओढतो?

सकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही शहरातील वसाहतीत एक दृश्य हमखास दिसते. पुढे मान ताणून, जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा आणि मागे दोरी हाताला गुंडाळून जवळजवळ धावणारा मालक. कोण कोणाला फिरवतो आहे, असा विनोद पाहणारे करतात. घरच्यांना मात्र तो विनोद वाटत नाही. कुणाचे मनगट दुखावते, कुणी घसरून पडते, घरातल्या मुलांच्या हाती दोरी देण्याची सोय राहत नाही. हळूहळू फिरणे कमी होते. कुत्रा गच्चीत किंवा जिन्याखाली बांधला जातो, साठलेल्या उत्साहाने अधिकच उधळतो, आणि शेवटी ‘हा आवरत नाही’ म्हणून कुणाला तरी देऊन टाकला जातो किंवा दूर नेऊन सोडला जातो. हौसेने आणलेल्या प्राण्याची अशी गत होते, तिची सुरुवात पुष्कळदा या ओढाओढीतून झालेली असते.

‘आमचा कुत्राच हट्टी आहे’, ‘त्याला आपणच मालक आहोत असे वाटते’ अशी स्पष्टीकरणे आपण ऐकतो. ती बाजूला ठेवून आपण वेगळा प्रश्न विचारू. दोरी ओढल्याने कुत्र्याला मिळते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिकण्याच्या प्रक्रियेविषयीचे काही मूलभूत नियम हाती लागतात. हे नियम डी.एड.-बी.एड.च्या पुस्तकांत जड शब्दांत भेटतात. रस्त्यावर ते उघड्या डोळ्यांनी पाहता येतात.

घाई कशाची?

आपण चालतो तेव्हा तासाला साधारण चार ते पाच किलोमीटर वेगाने जातो. मध्यम आकाराच्या कुत्र्याची सहज दुडकी चाल याहून बरीच वेगवान असते. म्हणजे आपल्या बरोबरीने चालणे हे कुत्र्याच्या दृष्टीने रेंगाळणे आहे. ते त्याला निसर्गतः येत नाही, शिकावे लागते.

दुसरी गोष्ट नाकाची. वास ओळखणाऱ्या ग्राहींची कार्यक्षम जनुके माणसात सुमारे ४०० आहेत, तर कुत्र्यात ती सुमारे ८००, म्हणजे दुप्पट आहेत. शिवाय नाकातील वास घेणारे आवरण माणसापेक्षा कितीतरी विस्तृत असते. विजेच्या खांबाच्या बुडाशी आपल्याला फक्त ओला डाग दिसतो. कुत्र्याला मात्र तेथे कोण येऊन गेले याची नोंद मिळते. अशा नोंदींनी भरलेल्या रस्त्यावर दिवसातून एकदाच सोडलेला प्राणी पुढे धावणार हे उघड आहे. घराण्याचाही भाग असतोच. मुधोळ किंवा कारवान हे नजरेने सावज हेरून पाठलाग करणारे शिकारी कुत्रे. त्यांना पळती मांजर दिसली की थांबणे अवघड जाते.

परंतु एवढ्याने ओढण्याची सुरुवात कळते. ओढणे रोज वाढत का जाते, हे कळत नाही.

ओढण्याचा मोबदला

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली आपल्या प्रबंधात मांजरांवरील प्रयोग मांडले. भुकेले मांजर खोक्यात बंद केलेले, बाहेर खाणे ठेवलेले, आणि दार उघडायचे तर एखादी दोरी किंवा कळ ओढायची. पहिल्यांदा मांजर सैरावैरा ओरबाडे आणि योगायोगाने दार उघडे. प्रयोग पुन्हा पुन्हा केल्यावर सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला. यावरून थॉर्नडाइकने परिणामाचा नियम मांडला: ज्या कृतीनंतर समाधानकारक परिणाम घडतो, ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

आता आपला रस्ता पाहा. कुत्र्याला खांबाकडे जायचे आहे. तो ओढतो, आपण दोन पावले त्याच्यामागे जातो, खांब जवळ येतो. म्हणजे ओढण्याचा मोबदला जागच्या जागी चुकता झाला! अर्ध्या तासाच्या फेरीत असे शेकडो वेळा घडते. तोंडाने आपण ‘हळू, हळू’ म्हणत असतो, पण पायांनी ‘ओढ, म्हणजे पोचशील’ हा धडा देत असतो. कुत्रा शब्दांपेक्षा परिणामातून शिकतो. तेव्हा तो हट्टी नसून, जे शिकवले ते नीट शिकलेला विद्यार्थी आहे.

‘आजच्या दिवस चालेल’

पुष्कळ घरांत हे लक्षात आलेले असते. दोरी ताणली की थांबायचे, असे ठरतेही. तरी आठवड्याभरात ‘आमच्या कुत्र्यावर उपयोग होत नाही’ असे ऐकू येते. असे का व्हावे?

बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. कळ दाबली की उंदराला किंवा चोच मारली की कबुतराला दाणा मिळतो. या मोबदल्याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. दाणा दर वेळी द्यायचा की कधीमधी, यावर वर्तन कसे बदलते याच्या असंख्य नोंदी त्या ग्रंथात आहेत. दाणा दर वेळी मिळत असेल आणि अचानक बंद झाला, तर प्राणी लवकर नाद सोडतो. पण तो अनियमितपणे, कधी तिसऱ्या तर कधी विसाव्या खेपेस मिळत असेल, तर बंद झाल्यावरही प्राणी कितीतरी वेळ प्रयत्न करत राहतो. लॉटरीची तिकिटे घेणाऱ्याचा चिवटपणा याच जातीचा.

सोमवारी आपण थांबलो, मंगळवारी ऑफिसची घाई म्हणून ओढू दिले, बुधवारी आजोबांनी नेले आणि त्यांना नियम ठाऊकच नव्हता. म्हणजे आपण ओढणे बंद केले नाही. त्याचा मोबदला फक्त अनियमित केला, आणि ही सवय अधिक चिवट केली.

याला जोडून दुसरी अडचण येते. नेहमी मिळणारा मोबदला थांबला की सुरुवातीला वर्तन कमी होण्याऐवजी काही काळ वाढू शकते. नळाला पाणी आले नाही की आपण तोटी आणखी जोराने फिरवतो, तसेच हे. नियम सुरू केल्यावर कुत्रा पूर्वीपेक्षा जोराने ओढतो, भुंकतो. नेमक्या याच क्षणी आपण हार मानली, तर त्याला कळते की साध्या ओढण्याने भागत नाही, जोराने ओढावे लागते. हा वाढीव जोर अपयशाचे नव्हे, तर जुना हिशेब बदलू लागल्याचे लक्षण असू शकते, हे आधीच माहीत असेल तर धीर धरता येतो.

मग करायचे काय?

नियम एकच: सैल दोरीने पुढे जाता येते, ताणलेल्या दोरीने नाही. दोरी साधारण दोन मीटर लांबीची असावी. ती ताणली की आपण झाडासारखे उभे राहायचे. ओरडायचे नाही, हिसकाही द्यायचा नाही. कुत्रा मागे वळून पाहील, एक पाऊल मागे येईल, दोरी सैल पडेल. त्याच क्षणी चालू लागायचे. क्षणाचे महत्त्व फार आहे. मोबदला कृतीला लगटून आला तरच कुत्रा त्या दोहोंचा संबंध जोडतो.

ओढणे थांबवण्याबरोबर हवे ते वर्तन शिकवणेही आवश्यक आहे. आपल्या पायाजवळ चालताना दर चार-सहा पावलांना खाऊचा लहान तुकडा द्यावा. उकडलेले अंडे, कोंबडी किंवा पोळी, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा पुरे. चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे मात्र कुत्र्याला घातक आहेत. चालणे जमू लागले की खाऊ हळूहळू विरळ करायचा. अनियमित मोबदल्याने सवय चिवट होते, हा मघाचाच नियम आता आपल्या उपयोगी पडतो.

खाऊपेक्षाही मोठे बक्षीस रस्त्यावरच असते. डेव्हिड प्रेमॅक याने १९५९ साली लहान मुलांपुढे गोळ्या आणि पिनबॉलचे यंत्र ठेवले. काही मुलांना खेळ अधिक प्रिय होता, काहींना गोळ्या. ज्यांना खेळ प्रिय, ती मुले खेळायला मिळावे म्हणून गोळ्या अधिक खाऊ लागली! अधिक आवडणारी कृती कमी आवडणाऱ्या कृतीचे बक्षीस होऊ शकते, असा याचा अर्थ. तेव्हा खांबाचा वास घेणे तोडू नये. दहा पावले सैल दोरीने चालला की ‘जा, वास घे’ म्हणावे आणि मनसोक्त वास घेऊ द्यावा. किती अंतर कापले यापेक्षा हे वास घेणे कुत्र्याला मोलाचे वाटते.

पहिला धडा भर बाजारात देऊ नये. बेरजा न येणाऱ्याला आपण भागाकार देत नाही. आधी घरात, मग जिन्यात, मग फाटकाबाहेरच्या शांत गल्लीत आणि शेवटी रहदारीत, असा क्रम ठेवावा. दोरी हातात घेताच कुत्रा उड्या मारू लागला, तर तो शांत होईपर्यंत दार उघडू नये. चालण्याचा धडा तेथूनच सुरू होतो.

घाईच्या दिवसाचे काय? त्यावर एक व्यवहार्य तोड आहे. शिकवण्याच्या वेळी दोरी छातीपट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या, पुढील कडीला अडकवायची. वेळ नसेल त्या दिवशी ती पाठीवरच्या कडीला लावायची. ‘ही कडी असली की नियम लागू’ एवढा फरक कुत्रा ओळखू शकतो, आणि नियम मोडला असे होत नाही. घरातील सर्वांना मात्र हे ठाऊक हवे.

समोरून दुसरा कुत्रा आला तर

आपल्याकडे गल्लोगल्ली मोकळे कुत्रे असतात. त्यांना पाहून, किंवा स्कूटर पाहून, पाळीव कुत्रा भुंकत झेपावतो. हे ओढणे वेगळे आहे. त्याच्या मुळाशी पुष्कळदा भीती असते, आणि भेदरलेला प्राणी त्या क्षणी खाऊसुद्धा घेत नाही. येथे थॉर्नडाइकपेक्षा पावलॉव्ह उपयोगी पडतो. खाण्याआधी ठरावीक आवाज होत राहिला, तर नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने दाखवले. म्हणजे दोन गोष्टी पाठोपाठ आल्या की पहिलीविषयीची भावना दुसरीवरून ठरते.

याचा उपयोग मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावर केला. पीटर सशाला घाबरे. तो खात असताना ससा पिंजऱ्यात घालून दूर ठेवला, आणि तो रडणार नाही इतपत बेताने हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. कुत्र्याच्या बाबतीतही युक्ती अंतराचीच. समोरचा कुत्रा दिसतो, पण आपला भुंकत नाही, असे अंतर शोधावे. ते पन्नास मीटरही असू शकेल. तेथे समोरचा दिसताच खाऊ द्यावा, दिसेनासा झाला की खाऊ बंद. काही आठवड्यांत अंतर कमी करता येते. आज जमले नाही तर अंतर वाढवावे. रस्ता ओलांडावा, उभ्या मोटारीचा आडोसा घ्यावा, शांतपणे मागे वळावे. रेबीजची लस वेळेवर टोचून घेणे हे तर फिरायला निघण्यापूर्वीचे काम.

हिसका आणि मार

दोरीला हिसका देणे किंवा काटेरी साखळी वापरणे हा जुना मार्ग. त्यामागे ‘कुत्रा म्हणजे लांडगा, आणि कळपाचा पुढारी धाकाने राज्य करतो’ अशी कल्पना होती. ती १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातील लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांवरून पसरली. रानातील कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिले असे कुटुंबच असते, हे डेव्हिड मेक यांनी १९९९ साली सविस्तर मांडले. म्हणजे मूळ आधारच डळमळीत.

शरीराचाही विचार करावा. गळपट्ट्यावर ताण आला की कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीपट्ट्यावरील ताणाने तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. प्रामुख्याने शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षणात तणावाची लक्षणे अधिक दिसली, आणि लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाशी निगडित संप्रेरकही बक्षिसाने शिकणाऱ्या कुत्र्यांपेक्षा अधिक वाढले. शिवाय पावलॉव्हचा नियम शिक्षेलाही लागू आहे. दुसरा कुत्रा दिसला की मानेला हिसका बसत असेल, तर आपला कुत्रा शिकतो ते हे, की दुसरा कुत्रा दिसणे म्हणजे दुखणे. भुंकणे त्यामुळे वाढते.

वर्गासाठी उपक्रम

आठवी ते दहावीचे विद्यार्थी हा नियम स्वतः तपासू शकतात. ज्याच्या घरी कुत्रा आहे, त्याने घरातील मोठ्या माणसाच्या हाती दोरी द्यावी आणि स्वतः नोंद ठेवावी. दोरी हाताला गुंडाळायची नाही. रोज एकच रस्ता, एकच वेळ, दहा मिनिटे. दोरी किती वेळा ताणली, एवढेच मोजायचे. पहिले पाच दिवस काहीही न बदलता मोजावे, ही तुलनेची पायरी. सहाव्या दिवसापासून ‘ताणली की थांबायचे’ हा नियम लावून आणखी तीन आठवडे मोजावे. दिवस आडव्या अक्षावर आणि ताणण्याची संख्या उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. नियम लागताच आलेख वर गेला का? एखाद्या दिवशी नियम मोडला गेला, तर पुढच्या दोन दिवसांत काय झाले? दोन घरांचे आलेख सारखे का नाहीत?

आलेखात कुत्र्याच्या वागण्याइतकीच माणसांच्या सातत्याचीही नोंद झालेली असते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. मग शिक्षकांनी स्वतःशी एक यादी करून पाहायला हरकत नाही. आपल्या वर्गात कोणता गोंगाट आपण रोज मना करतो आणि आठवड्यातून एकदा चालवून घेतो? गृहपाठाची कोणती मुदत आपण कधी पाळतो, कधी सोडतो? मूल म्हणजे कुत्रा नव्हे. त्याला कारण सांगता येते, ते प्रश्न विचारू शकते. परंतु सांगितलेले कारण आणि रोज दिसणारा परिणाम यांचा मेळ बसला नाही, तर तेही परिणामावरच विश्वास ठेवते.