दातातलं ‘सिमेंट’ लाळेत किती टिकतं? निळ्या लाईटनंतर खरी परीक्षा सुरू होते

किडलेला भाग कोरून झाला की डेंटिस्ट खड्ड्यात दाताच्या रंगाचं मऊ मटेरियल भरतात, त्यावर निळी लाईट धरतात आणि काही सेकंदांत ते कडक होतं. आपण त्याला सिमेंट म्हणतो, पण ते असतं कॉम्पोझिट, म्हणजे रेझिन आणि काचेसारखी बारीक पूड यांचं मिश्रण. त्यातलं बिस-जीएमए हे रेझिन अमेरिकेच्या राफेल बोवेन यांनी तयार केलं. त्याचं पेटंट १९६२ सालचं.

लाईट नेमकं काय करते?
मटेरियलमधलं कॅम्फरक्विनोन साधारण ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतं. मग रेझिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं बनतं. मात्र सगळे बंध जुळत नाहीत, साधारण ५५ ते ७५ टक्केच जुळतात. लाईट फार खोल पोहोचत नाही, म्हणून नेहमीचं मटेरियल सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात.

लाळ काय करते?
पहिलं, जाळ्यात पाणी शिरतं. फिलिंग किंचित फुगतं. कडक होताना ते थोडं आकसलेलं असतं, त्याची काही भरपाई यातून होते. पण पाण्यामुळे जाळं थोडं मऊही पडतं.

दुसरं, न जोडलेले रेणू बाहेर झिरपतात. हे बहुतेक पहिल्या काही दिवसांत होतं आणि प्रमाण अगदी कमी असतं. कमी वेळ लाईट दिली तर ते वाढतं.

तिसरं, लाळेतले एस्टरेज नावाचे एन्झाइम रेझिनमधले काही बंध हळूहळू तोडतात. दात किडवणारे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स जिवाणूही हेच करतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की दात आणि फिलिंगमधला सांधा कमकुवत होतो. तिथे फट पडली की जिवाणू आत शिरतात आणि फिलिंगच्या कडेला, खाली पुन्हा कीड लागू शकते.

मग लाळ वाईट का? अजिबात नाही. तीच तोंडातलं आम्ल कमी करते आणि दातांना कॅल्शियम पुरवते. ती नको असते फक्त फिलिंग भरताना. तयार केलेल्या दाताला लाळ लागली तर तिच्यातल्या प्रथिनांचा थर बसतो आणि फिलिंग नीट चिकटत नाही. कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी आणि दाताभोवतीचा रबर डॅम त्यासाठीच असतो. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण तेवढा वेळ कळ काढा.

हे लक्षात ठेवा
फिलिंगच्या कडेला काळी रेघ दिसली, तिथे अन्न अडकू लागलं किंवा थंड-गोड लागल्यावर कळ आली, तर दाखवून घ्या. रेघ नुसता डागही असू शकतो, पण ते तपासल्यावरच कळतं. दुखण्याची वाट पाहू नका, कारण दुखायला लागेपर्यंत कीड खोल गेलेली असू शकते.