भाजलेल्या बालकाची मलमपट्टी

काशीच्या दूधविनायक भागात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथे काय किंवा आपल्या गावी काय, नुकत्याच उतरविलेल्या दुधाच्या पातेल्याकडे रांगत्या मुलाचा हात जातोच. भाजल्याच्या वेदना तर होतातच; पण पट्टी बदलताना मूल पुन्हा आक्रोश करते. कोरडी जाळीची पट्टी जखमेस चिकटते आणि काढताना नवी, कोवळी त्वचाही ओरबाडते.

या अडचणीवर मुंबईच्या डॉक्टरांनी स्वयंपाकघरातलेच उपाय योजले. डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी सुचविली. पुढे २००३ मध्ये डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची केळीच्या पानाशी तुलना केली. दोहोंखाली जखम सारखीच भरली. मात्र पान अधिक स्वस्त व तयार करण्यास सोपे ठरले.

तथापि ही पाने व साली रुग्णालयात निर्जंतुक केलेली असतात. घरी हा प्रयोग करू नये. आईबापांनी करावयाचे ते एवढेच : भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, स्वच्छ कापडाने सैलसर झाकावा आणि डॉक्टरांकडे जावे. तूप, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.