कानाला पापणी असती तर!

विधात्याने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले. कान मात्र चोवीस तास सताड उघडे ठेवले. नको ते दृश्य समोर आले तर डोळे मिटता येतात. नको तो शब्द ओठांशी आला तर तोंडही मिटता येते, पुष्कळांना ते साधत नाही ही गोष्ट निराळी! कान मिटण्याची सोय मात्र कोणालाच नाही. आपल्या भाषेनेसुद्धा दुर्लक्ष करण्याला शब्द घडवला तो 'कानाडोळा'. डोळ्याची सोबत घेतल्यावाचून एकट्या कानाला तेही जमेना, असेच म्हणायचे!

या उघड्या कानाला कारण आहे. आपले पूर्वज रानात निजत होते तेव्हा डोळे मिटल्यावर पहाऱ्याला कोणी तरी हवे होते. ते काम कानाने पत्करले आणि आजतागायत सोडलेले नाही. झोपेत कान बंद होत नाही. आत आलेला कोणता आवाज दखल घेण्याजोगा आहे, हे मेंदू निजल्यानिजल्या ठरवीत असतो. इंग्लंडमधील इयान ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली निजलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवून त्यांच्या मेंदूच्या विद्युत्-लहरी तपासल्या. परक्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला मेंदू अधिक प्रतिसाद देतो, असे त्यांना आढळले. आपल्या आयांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. खिडकीखालून मालमोटार धडधडत गेली तरी न जागी होणारी बाळंतीण पाळण्यातले मूल नुसते कुरकुरले की उठून बसते.

पंचाईत अशी झाली की, रान गेले, वाघ गेला आणि पहारेकरी तेवढा उरला. आता तो पोटतिडकीने कशाची वर्दी देतो? तर मोटारसायकलच्या फाटलेल्या सायलेन्सरची, वरच्या मजल्यावर ओढल्या जाणाऱ्या खुर्चीची आणि गल्लीतल्या कुत्र्यांच्या मध्यरात्रीच्या परिषदेची! हे दुखणे आजचे नाही. प्राचीन रोममध्ये ज्यूलियस सीझरच्या काळच्या कायद्याने गाड्यांना दिवसाच्या बहुतेक वेळात शहरात बंदी होती. साहजिकच त्या रात्री खडखडत. पुढे ज्यूव्हेनल या कवीने तक्रार केली, की रोममधले आजारी लोक मरतात ते झोप न मिळाल्यामुळे. आपण त्या रोमकरांचेच भाऊबंद आहोत.

तेव्हा कानाला पापणी लावण्याची खटपट माणूस फार दिवसांपासून करीत आला. बर्लिनमधील माक्स नेग्वर या औषध-व्यावसायिकाने १९०७ साली मेण आणि कापूस यांचे बोळे तयार केले, ते 'ओरोपाक्स' या नावाने विकले जाऊ लागले. १९६२ साली अमेरिकेत पंख्यासारखी संथ घरघर करणारे, उशाशी ठेवायचे 'स्लीप-मेट' नावाचे यंत्र निघाले. त्यानंतर आले दाबून कानात घालायचे फोमचे बोळे. या घराण्यातले सर्वांत धाकटे अपत्य म्हणजे झोपेसाठी बनवलेले बिनतारी 'इअरबड'. कानातल्या कुड्यांपेक्षा फारसे मोठे नसलेले हे दोन मणी. अमेरिकेच्या बोस कंपनीने २०१८ साली ते विक्रीस काढले. या कंपनीचे संस्थापक अमर बोस हे कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव. १९७८ साली झूरिकहून बोस्टनला विमानाने जाताना इंजिनाच्या घरघरीने संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा आवाजाने आवाज मारणाऱ्या हेडफोनची आकडेमोड त्यांनी विमानातच मांडली, अशी हकिकत सांगतात.

झोपेच्या त्या पहिल्या मण्यांचे नशीब मात्र फारसे बलवत्तर नव्हते. बॅटरीच्या तक्रारी आल्या आणि २०१९ साली कंपनीने विक्री थांबवून ग्राहकांना पैसे परत देऊ केले. २०२० साली सुधारलेली आवृत्ती आली, तीही पुढे बंद झाली. पण कल्पना टिकली. बोसमधील काही माजी मंडळींनी 'ओझलो' या नावाने तेच काम पुढे चालवले, 'अँकर' कंपनीनेही 'साउंडकोअर' या नावाखाली असे मणी आणले, आणि आज मध्यमवर्गीय घरांतही ते उशीखाली सापडू लागले आहेत.

हे मणी करतात तरी काय? पुष्कळांची समजूत अशी, की ते बाहेरचा आवाज नाहीसा करतात. तसे नाही. दिवसा आकाशात चांदण्या नसतात काय? असतात, सूर्याच्या उजेडापुढे त्या दिसत नाहीत, इतकेच. आवाजाचेही तसेच. कानाच्या तोंडाशी मऊ रबराचे बूच बसवून बाहेरचा आवाज थोडा अडवायचा आणि उरलेल्यावर पावसाचा, ओढ्याचा किंवा नुसता 'स्स्स' असा एकसुरी आवाज पांघरूण म्हणून घालायचा. झोपलेला मेंदू दचकतो तो आवाज किती मोठा यापेक्षा तो भोवतालच्या शांततेतून किती अवचित उसळला यावर. निःस्तब्ध रात्री पडलेले भांडे जागे करते. धो धो पावसात पडलेले करीत नाही. कोकणात कौलांवर पावसाची झड लागली असता लागणारी झोप ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे शास्त्र वेगळे शिकवायला नको. हिवाळ्यातसुद्धा पंखा लावल्याखेरीज न झोपणारे काकाही नकळत याच शास्त्राचे अनुयायी असतात.

विमानप्रवासात वापरतात ते आवाज मारणारे हेडफोन निराळे. ते बाहेरच्या ध्वनिलहरीच्या उलट लहर निर्माण करून तिला खोडतात. इंजिनाच्या सलग, खर्जातल्या घरघरीपुढे ते शूर. पण कुत्र्याचे अवचित भुंकणे किंवा शेजारच्या खोलीतला वाद यांच्यापुढे त्यांचे तेवढे चालत नाही. शिवाय कुशीवर झोपले की त्यांतले पुष्कळसे कानात टोचतात.

माझे महाविद्यालय सकाळी सातला भरते आणि आमचे घर पुण्यातल्या एका हमरस्त्याला लागून आहे. एवढे सांगितले म्हणजे हे मणी आमच्याकडे का आले, ते निराळे सांगायला नको. प्रथम ते आमच्या ह्यांच्या कानात गेले, मग माझ्या. अनुभव सांगायचा तर, कानाच्या मापाचे बूच मिळणे हीच निम्मी लढाई. बरोबर मिळणाऱ्या तीन-चार मापांपैकी नेमके कोणते, हे दोन-चार रात्री बदलून पाहिल्याखेरीज कळत नाही. कधी कधी दोन कानांना दोन मापे लागतात! माप जमले, की रस्ता दूर जातो. पाचचा गजर माझ्या एकटीच्या कानात वाजतो आणि बाकीचे घर निजलेले राहते, हे सुख तर अवर्णनीय.

सासूबाईंनी हे सारे दोन दिवस निमूटपणे पाहिले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर; रात्री एक-दोनदा उठावे लागते आणि गुडघे धड नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघंही कानात बोळे घालून निजणार, नात अभ्यास करून मेल्यासारखी झोपणार, मग रात्री मी हाक मारली तर ती ऐकायची कोणी?"

ताटावरचे हात क्षणभर थांबले. 'कानात बोळे घालून बसणे' हा आपल्याकडे ठेवणीतला ठपका आहे. आपण तोच पैसे देऊन विकत आणला होता. सासूबाईंच्या बोलण्यात मात्र ठपका नव्हता, एक साधा प्रश्न होता, आणि मला वाटते तो या वस्तूबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. घरात रात्री कोणी तरी ऐकत असते, हे आपण इतके गृहीत धरतो, की त्या ऐकण्याला काम म्हणून कधी मोजतच नाही. बहुतेक घरांत ते काम न बोलता एकाच बाईकडे आलेले असते: आधी पाळण्यासाठी, मग परीक्षेच्या मुलांसाठी, मग म्हाताऱ्यांच्या खोकल्यासाठी. आमच्या घरी आता त्याची उघड वाटणी झाली आहे. सम तारखेला मणी माझ्या कानात, विषम तारखेला ह्यांच्या. ज्याच्या कानात नाहीत, त्याची ती रात्र. वीस वर्षांत प्रथमच महिन्यातल्या निम्म्या रात्री सासूबाईंची हाक ऐकण्याची जबाबदारी त्यांच्या मुलावर आली, आणि हाक मारताना त्यांनाही आता संकोच वाटत नाही, असे त्यांनीच मला सांगितले.

दुसरी गोष्ट घोरण्याची. पतीच्या घोरण्यावर उपाय म्हणून हे मणी घेणाऱ्या भगिनी पुष्कळ. घोरणे खर्जातले असल्याने ते पुरते झाकले जात नाही, हा भाग सोडा. पण जोरात घोरता घोरता माणूस मध्येच गप्प होत असेल, काही क्षण श्वासच थांबून मग दचकल्यासारखा सुरू होत असेल, तर ते झोपेतील श्वासरोधाचे लक्षण असू शकते. ज्याला तो होतो त्याला त्याचा पत्ता नसतो. तो प्रथम कळतो शेजारी निजलेल्याला. तेव्हा कान झाकण्यापूर्वी चार रात्री नीट ऐका आणि तसे वाटले तर आधी डॉक्टरांकडे चला.

तिसरी गोष्ट आवाजाच्या मापाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास, ही ऐकण्याची मर्यादा. रोज आठ तास मणी कानात ठेवले तर आठवड्याचे ५६ तास भरतात. म्हणून पावसाचा आवाज बाहेरचा गोंगाट जेमतेम झाकेल इतकाच ठेवावा. रात्रभर कानात मुसळधार नको. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो, त्याला बूच अडवते. पावसाळ्यात ओलसर कानात बुरशी धरते. बुचे पुसून कोरडी ठेवावीत, आठवड्यातून काही रात्री कानांना सुट्टी द्यावी आणि कान दुखला, वाहिला तर वापर थांबवावा. या एकसुरी आवाजाने झोप सुधारतेच असा छातीठोक पुरावाही नाही. २०२१ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आजवरचे पुरावे कच्चेच ठरले. गोंगाटाच्या घरात उपयोग होतो, मुळातच शांत घरात त्याची गरज नाही, असा व्यवहारी निष्कर्ष काढायला हरकत नाही. काही रुपयांत मिळणारे फोमचे बोळे आधी वापरून पाहावेत: बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. अनेकांचे काम तेवढ्याने भागते.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे, पण दिवाळीत चिरोट्याबरोबर कारीटही असतेच की! गोंगाट करणारा एक आणि खर्च करून कान झाकणारा दुसरा, हा न्याय कुठला? सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दोन माणसांचे साधे बोलणेच ६०च्या घरात जाते. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते, म्हणजे ७५ डेसिबलचा आवाज मर्यादेच्या हजारपट शक्तीचा. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्यांनी १९८५ पासून न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा कुठे ध्वनिक्षेपकांना वेसण बसू लागली. आवाजाचे फटाके रात्री दहा ते सकाळी सहा उडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. म्हणजे नरकचतुर्दशीला पहाटे चारला गल्ली दणाणून सोडणारा पहिल्या आंघोळीचा मानाचा फटाकाही त्यात आला. चकली कुरकुरीत असावी. शेजाऱ्याची झोप नव्हे!

मणी कानात घातले, की तक्रार करण्याची ऊर्मीही निजते, ही मला त्यांची खरी भीती वाटते. ज्याला परवडले त्याने कान झाकले आणि रस्त्याकडेच्या खोपटातले, रुग्णालयाच्या सामान्य कक्षातले, ज्यांना परवडत नाही ते जागेच राहिले, असे होऊ नये. पोलिसांचा ११२ हा क्रमांक त्यासाठीही आहे. आमच्या सोसायटीने यंदा उटण्याच्या पुड्यांबरोबर घरोघर एक चिठ्ठी वाटायचे ठरवले आहे: फटाके सहानंतर, गाणी दहापर्यंत. चिठ्ठीचा मजकूर मी लिहिला, हस्ताक्षर सासूबाईंचे आहे. त्यांच्या वयाला अजून कोणी नाही म्हणत नाही.