उपसा सिंचन संस्था आणि विजेची कमाल मागणी

कृष्णा, पंचगंगा आदी नद्यांच्या काठी अनेक सहकारी उपसा सिंचन संस्था उच्च दाबाच्या विजेवर पंप चालवितात. अशा जोडणीच्या बिलात दोन प्रमुख आकार असतात. एक खर्च झालेल्या युनिटांचा व दुसरा महिन्यातील कमाल मागणीचा. पहिला सभासदांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्याचा उलगडा न झाल्यामुळे मात्र पाणी तेवढेच उपसूनही बिल वाढते.

मागणी कशी मोजतात?

मोटारींनी एखाद्या क्षणी ओढलेली वीज म्हणजे मागणी नव्हे. ठरावीक कालखंडातील सरासरी म्हणजे मागणी होय. हा कालखंड अर्ध्या किंवा पाव तासाचा असतो. अर्ध्या तासात खर्च झालेल्या युनिटांची दुप्पट, अथवा पाव तासातील युनिटांची चौपट केली की मागणी मिळते.

जुन्या मीटरांत एक दांडी काट्याला पुढे ढकलीत असे. कालखंड संपताच दांडी शून्यावर परते. काटा मात्र पोचला तेथेच राही. पुढे कधी अधिक वीज लागली तरच तो सरके. आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर हेच काम आकड्यांनी करतात. महिन्यातील सर्वांत मोठा आकडा हीच कमाल मागणी.

एक उदाहरण

एका संस्थेचे तीन पंप असून प्रत्येकास ४० किलोवॅट वीज लागते, असे समजा. तिन्ही एकदम अर्धा तास चालल्यास ६० युनिटे खर्च होतात व मागणी १२० किलोवॅट नोंदली जाते. एका वेळी दोनच चालविल्यास ती ८० किलोवॅट राहते. तीन पंप आठ तास चालविले काय, किंवा आळीपाळीने दोन पंप बारा तास चालविले काय, युनिटे ९६० च होतात. मात्र तिन्ही पंप महिन्यातून एकदा जरी अर्धा तास एकत्र चालले, तरी त्या महिन्याची नोंद वाढते.

पंप सुरू होताना मोटार काही सेकंद पुष्कळ अधिक वीज ओढते. तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. पाच सेकंद सहापट वीज ओढली, तरी अर्ध्या तासाच्या सरासरीत सुमारे अर्ध्या किलोवॅटचीच भर पडते. याउलट, दोन पंप चालू असता तिसरा त्याच कालखंडात दहा मिनिटे चालला, तर मागणी ९३ किलोवॅटवर जाते. पाव तासाच्या हिशेबाने तर ती १०७ होते.

घ्यावयाची दक्षता

१. पाळी बदलताना आधी एक पंप बंद करावा, मगच दुसरा सुरू करावा.

२. वीज परत येताच ऑटो स्विचमुळे सर्व पंप एकदम सुरू होणार नाहीत, अशी व्यवस्था असावी.

३. मागणी केव्हीएमध्ये मोजली जात असल्यास योग्य क्षमतेचे कपॅसिटर चालू स्थितीत ठेवावेत. पॉवर फॅक्टर ०.८० असता ८० किलोवॅटची मागणी १०० केव्हीए होते, ०.९५ असता ती ८४ च होते.

४. मीटरवरील कमाल मागणीचा आकडा दर आठवड्यास वहीत नोंदवावा व करारातील मागणीशी ताडून पाहावा.

अश्वशक्तीनुसार आकारणी होणाऱ्या वैयक्तिक कृषिपंपांना हा हिशेब लागू नाही. परंतु सामुदायिक योजनेचा भार अखेर प्रत्येक सभासदाच्या पाणीपट्टीवर पडतो. म्हणून ग्रामसेवकांनी संस्थेच्या सभेत मागील बारा महिन्यांची बिले मांडून कमाल मागणीचे आकडे सभासदांना समजावून द्यावेत, आणि पंपचालकाच्या खोलीत पाळीपत्रक लावून घ्यावे.