सफरचंदाची मऊ बिस्किटे

गणेशपुरीला बारा महिने भक्तांची ये-जा असते. नित्यानंदबाबांनी १९६१ साली येथे देह ठेवला. त्यांच्या समाधीच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात. येताना फुले, नारळ, फळे आणतात. त्यांत सफरचंद असतेच. प्रसाद म्हणून ते घरी जाते. पहिल्या दिवशी मुले आवडीने खातात. पण एखादे फळ टोपलीत मागे राहते. चार दिवसांनी त्याची साल सुरकुतते. गर पिठूळ लागतो. मग त्याला कोणी हात लावीत नाही. महागाचे फळ वाया जाते.

अशा सफरचंदाचे काय करावे? त्याची मऊ बिस्किटे करावी. ती घरच्या घरी करता येतात.

तुम्ही म्हणाल, "बिस्किटं? ती तर बेकरीत होतात. आमच्याकडं भट्टी कुठं आहे?" खरे आहे. पण भट्टी म्हणजे तरी काय? सगळ्या बाजूंनी सारखी, कोरडी उष्णता देणारी बंद जागा. ती एका जाड पातेल्यात तयार करता येते. कशी, ते पुढे सांगतो.

भाजणे म्हणजे काय

आपल्या गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरीला आणि अकलोलीलाही आहेत. त्या पाण्याने अंग शेकते, पण बिस्किट भाजत नाही. चुलीवर खळखळ उकळणारे पाणीसुद्धा १०० अंशांच्या वर तापत नाही. त्यात पीठ शिजेल, पण खरपूस होणार नाही. बिस्किटाला १७० ते १८० अंशांची कोरडी धग लागते. म्हणून ते पाण्यात किंवा वाफेवर होत नाही. गरम हवेत होते.

ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. इथून जवळच वसई. तेथे १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा पाव राहिला. 'पाव' हा शब्दच मुळी त्यांच्या भाषेतला. गोव्याकडचे पाववाले माडाची माडी घालून पीठ फुगवीत. नानकटाई तर सर्वांच्या ओळखीची. दिवाळीच्या आधी घरचे पीठ मळून बेकरीत न्यायचे आणि नानकटाई भाजून आणायची, अशी रीत अनेक गावांत होती.

काय काय लागते

सगळ्या मापाला एकच वाटी घ्यावी. आमची वाटी साधारण १५० मिलिलिटरची आहे. एवढ्या सामानात वीसेक बिस्किटे होतात.

कणीक २ वाट्या.
बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी, दाबून भरलेला.
तूप अर्धी वाटी.
मध्यम आकाराचे सफरचंद १.
दालचिनीची पूड १ लहान चमचा.
खाण्याचा सोडा पाव लहान चमचा.
मीठ १ चिमूट.

सफरचंद सुरकुतलेले चालते. थोडे दबलेले असेल तर तेवढा भाग कापून टाकावा. पण बुरशी आलेले किंवा आतून सडलेले फळ घेऊ नये. सडलेला भाग कापला तरी त्याचे विष उरलेल्या गरात उतरलेले असू शकते. ते फळ सरळ खतात टाकावे.

दालचिनीविषयी थोडे

दालचिनी ही झाडाची आतली साल. ती सोलून वाळवतात, म्हणजे तिची सुरळी होते. हे झाड आपल्या कोकणातही येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची तिची जात काढली आहे. बाजारात दोन प्रकारची साल मिळते. एक पातळ असते. तिच्या सुरळीत कागदासारखे पुष्कळ पदर दिसतात आणि ती बोटांनी सहज मोडते. दुसरी जाड, टणक आणि एकाच पदराची असते. हिचा वास उग्र. ही जाड साल रोज आणि फार खाल्ली तर यकृताला बाधते. आपल्याला वीस बिस्किटांना एकच चमचा लागतो. तेवढ्याने काही होत नाही. पण "मसाला आहे, घाला अजून" असे मात्र करू नये.

सोडा नीट पाहून घ्या

आता एक मोठ्या महत्त्वाची गोष्ट. सोडा दोन तऱ्हेचा मिळतो. एक खाण्याचा, एक धुण्याचा. दोन्ही पांढरे, दोन्हींची भुकटी. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड आणि घसा भाजतो. लहान मुलाच्या तर जिवावर बेतू शकते.

काही जण म्हणतात, "लिंबू पिळून बघा. फसफसला की खाण्याचा." हे खोटे आहे. लिंबाने दोन्ही सोडे फसफसतात. दोन्हींत भेद करायचा तर पाकिटावरची अक्षरे वाचली पाहिजेत. सुटा सोडा कधी घेऊ नये. पाकीटबंद घ्यावा आणि त्यावर 'खाण्याचा सोडा' असे लिहिलेले आहे ना, ते पाहावे. घरी डब्यात भरला की लगेच डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. ठळक अक्षरांत लिहावे: खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा स्वयंपाकघरात ठेवूच नये. बघा, अक्षर आले म्हणजे घर असे सुखरूप राहते.

कृती

पहिले काम सफरचंदाचे. ते धुवावे. बिया काढून टाकाव्या. सालीसकट किसावे. कीस आणि गूळ एका भांड्यात घालून मंद आचेवर पाचेक मिनिटे परतावे. गूळ विरघळतो. फळाचे जास्तीचे पाणी आटते. मग भांडे उतरवून पूर्ण गार होऊ द्यावे. गरम कीस तुपात घातला तर तूप पातळ होते आणि बिस्किटे पसरतात.

थिजलेले तूप ताटात घेऊन तळहाताने फेसावे. ते पांढरे, हलके झाले की त्यात गार झालेला कीस मिसळावा. कणीक, दालचिनी, सोडा आणि मीठ एकत्र चाळून घ्यावे. चाळल्याने सोडा सगळीकडे सारखा पसरतो. नाही तर एका बिस्किटात सोड्याची गाठ येते आणि ते कडू लागते. हे पीठ किसात घालून हलक्या हाताने गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. जास्त मळले की बिस्किट चिवट होते. गोळा फार सैल वाटला तर एखादा चमचा कणीक आणखी घालावी.

लिंबाएवढे गोळे करावे. जरा चपटे करून तूप लावलेल्या ताटलीत ठेवावे. दोन गोळ्यांत दोन बोटांचे अंतर असावे, कारण ते फुगतात.

पातेल्याची भट्टी

जाड बुडाचे जुने पातेले घ्यावे. तळाला दोन बोटे कोरडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरावी. त्यावर लोखंडी कडे ठेवावे. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. मग आच मंद करावी. कापडाने धरून ताटली कड्यावर ठेवावी. ताटली पातेल्याच्या कडेला टेकू नये. सभोवती गरम हवा खेळली पाहिजे. पुन्हा झाकण ठेवावे. एका घाण्याला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. पहिली पंधरा मिनिटे झाकण उघडू नये. सारखे उघडून पाहिले की धग जाते आणि फुगलेले बिस्किट बसते.

चूल असेल तर खाली थोडे निखारे आणि झाकणावरही थोडे निखारे ठेवावे. म्हणजे वरचा भागही छान भाजतो. पण निखारे बंद खोलीत ठेवू नयेत. त्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. दार-खिडकी उघडी असावी. मुलांना लांब ठेवावे.

कडा तांबूस झाल्या की ताटली बाहेर काढावी. मधला भाग तेव्हा मऊच लागेल. "कच्चं राहिलं" म्हणून पुन्हा आत ठेवू नये. गार होताना ते आपोआप आवळते.

मऊ का होतात

उष्णता लागली की तूप वितळते. सोडा आणि फळाचा आंबटपणा एकत्र येऊन हवेसारखा वायू निघतो. तो पिठात बारीक भोके पाडतो. मग पीठ शिजून घट्ट होते आणि ती भोके तशीच राहतात. बिस्किट हलके होते. सफरचंदाचा गर आणि गूळ आपल्यात ओलावा धरून ठेवतात. म्हणून ते नानकटाईसारखे भुसभुशीत होत नाही, मऊ राहते.

पण ओलावा आहे तिथे बुरशी येते. ही बिस्किटे दोन दिवसांत संपवावी. पावसाळ्यात तर एका दिवसात. कुरकुरीत बिस्किटांच्या डब्यात ती ठेवू नयेत. नाही तर तीही मऊ पडतील.

सफरचंद नसेल तर

सफरचंद थंड डोंगराळ मुलखातले फळ. काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातून येते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्याचा हंगाम. तेव्हा ते स्वस्त. एरवी आपले केळे काय वाईट आहे? सफरचंदाऐवजी कुस्करलेले पिकले केळे अर्धी वाटी घ्यावे. ते शिजवावे लागत नाही. गूळ मात्र चमचाभर पाण्यात विरघळवून, गार करून घालावा. घोलवडच्या चिकूचीही अशी बिस्किटे होतात. चिकू गोड, म्हणून गूळ थोडा कमी घालावा.

हिशेब लिहा

काही बाया म्हणतील, "चांगली झाली तर विकू की." जरूर विका. पण आधी पाटीवर हिशेब मांडा. कणीक केवढ्याची, तूप केवढ्याचे, गूळ, फळ, मसाला, सरपण किंवा गॅस, सगळे लिहा. आपल्या श्रमाचे पैसेही लिहा. श्रम फुकट धरले म्हणजे धंदा नफ्यात दिसतो आणि बाई तोट्यात राहते. बेरीज करा. तिला विसाने भागा. एका बिस्किटाला किती पडले ते कळेल. त्याहून कमी भावात विकू नका. खाण्याचा माल विकायचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. घरगुती धंद्यालाही ती लागते. पुडीवर केल्याची तारीखही लिहावी.

आणि एक खरे सांगून ठेवतो. गूळ घातला तरी हे गोडच खाणे आहे. मधुमेह असलेल्या माणसाने ते जपून खावे. भाकरी, डाळ, भाजी यांची जागा बिस्किट घेत नाही. मूल शाळेतून आले, भूक लागली, तर एक-दोन द्यावी. त्यात काय घातले आहे ते आईला ठाऊक असते, हा घरच्या बिस्किटाचा मोठा गुण.

सांगा पाहू

१. खाण्याचा सोडा कसा ओळखावा? लिंबाने का ओळखता येत नाही?
२. कीस गार करूनच तुपात का घालावा?
३. तुमच्या गावच्या भावाने वीस बिस्किटांना किती खर्च येईल? वहीत मांडा.